दिवा आणि नोंदवही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव निघाले की आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. काळोखी रात्र, जखमी सैनिकांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्यामधून हातात दिवा घेऊन फिरणारी एक कृश स्त्री. शाळेत असताना आपण ते चित्र पाहिलेले असते. १२ मे हा परिचारिका दिन. त्या दिवशी दवाखान्यांतून तिच्या तसबिरीला हार घातला जातो. मीही बारावीपर्यंत तिला एवढीच ओळखत होते. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून तिच्याविषयी मिळेल ते वाचू लागले, तेव्हा ध्यानात आले की दिव्याने आपली फसवणूक केली आहे. त्या बाईच्या एका हातात दिवा असेल, पण दुसऱ्या हातात वही होती. आणि जगाला अधिक उपयोग झाला तो वहीचा.

मित्रहो, या लेखात मला त्या वहीविषयीच लिहायचे आहे. दवाखान्यात किती शस्त्रक्रिया झाल्या हे सगळेच लिहून ठेवतात. ज्याच्यावर ती झाली, तो माणूस पुढे बरा झाला का, किती दिवसांनी झाला, पूर्वीसारखा झाला का, हे लिहून ठेवणारे फार थोडे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या गावात दवाखान्याचा कागद कोणाला वाचता येत नाही, म्हणून तो सांभाळून पत्र्याच्या पेटीत ठेवतात. त्या कागदांवर काय लिहिलेले असते आणि काय लिहिलेले नसते, हे मला थोडेफार ठाऊक आहे. म्हणूनच हे चरित्र मला परके वाटले नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील इंग्रज, सुखवस्तू, प्रवासाला निघालेले. ज्या शहरात मुलगी झाली त्याचेच नाव तिला दिले. थोरली बहीण नेपल्स येथे जन्मली, म्हणून त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून तिचे नाव पार्थेनोपी. इंग्लंडात या कुटुंबाची दोन मोठी घरे होती. वडील शिकलेले. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकविला. गणितासाठी मात्र फ्लॉरेन्सला हट्ट धरावा लागला. मुलीच्या जातीला आकडेमोड कशाला, हा प्रश्न त्या काळी इंग्लंडातल्या बंगल्यातही विचारला जात होता. आपल्याकडे तो धानाच्या बांधावर विचारतात, एवढाच फरक.

सोळा वर्षांची असताना, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, आपल्याला ईश्वराने सेवेसाठी बोलावले आहे असे तिला वाटले. कोणती सेवा, हे कळायला काही वर्षे गेली. आणि कळल्यावर घरच्यांची संमती मिळवायला आणखी काही. रोग्यांची शुश्रूषा हे तेव्हा कुलीन स्त्रीचे काम मानले जात नसे. इस्पितळातील बाया म्हणजे दारू पिणाऱ्या, अडाणी, असाच लोकांचा समज होता. फ्लॉरेन्सने चालून आलेले चांगले स्थळ नाकारले. घरात आजारी पडलेल्यांची आणि आसपासच्या गरिबांची शुश्रूषा करीत ती शिकत राहिली. पहाटे उठून इस्पितळांचे अहवाल वाचायचे, त्यातून टिपणे काढायची आणि न्याहारीच्या वेळी शहाण्या मुलीसारखे खाली यायचे, असा तिचा क्रम होता. १८५१ साली तिने जर्मनीतील कायझरव्हेर्थ येथे तीन महिने शिक्षण घेतले. ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची ती व्यवस्थापिका झाली. सोळाव्या वर्षी लागलेली ओढ तेहतिसाव्या वर्षी फळाला आली.

येथे थोडे थांबून त्या काळची शस्त्रक्रिया कशी होती ते पाहिले पाहिजे. १८४६ पूर्वी रोग्याला चार माणसांनी दाबून धरायचे आणि शल्यवैद्याने जेवढ्या लवकर हात चालविता येईल तेवढा चालवायचा, हाच रिवाज होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी ईथरचा वास देऊन रोग्याला गुंगीत ठेवून शस्त्रक्रिया करून दाखविण्यात आली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. रोगी निजलेला राहू लागला, डॉक्टरांना वेळ मिळू लागला आणि पूर्वी कोणी धजले नसते अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या. परंतु जखमेत विष का होते हे अजून कोणाला उमगले नव्हते. लिस्टर यांची जंतुनाशकाची पद्धत प्रसिद्ध झाली ती १८६७ साली. मधली वीस वर्षे मोठी विचित्र होती. टेबलावरची वेदना गेली, पण खाटेवरचे मरण तसेच राहिले. शस्त्रक्रिया यशस्वी होई आणि आठव्या दिवशी रोगी जाई. अशा काळात शस्त्रक्रियेनंतर काय झाले हा प्रश्न विचारणे म्हणजे शल्यवैद्यांच्या कीर्तीला हात घालणे होते.

नाइटिंगेलबाईंनी तो हात घातला. परंतु त्याआधी त्यांना क्रिमियाच्या युद्धातून जावे लागले. रशियाविरुद्ध तुर्कस्तान, फ्रान्स आणि इंग्लंड असे हे युद्ध १८५३ ते १८५६ या काळात झाले. इंग्रज जखमींची दैना वर्तमानपत्रांतून लोकांपुढे आली, तेव्हा सरकारने बाईंना पाठविले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी त्या ३८ स्त्रियांसह निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला बॉस्फरसच्या काठावरील स्कुतारी येथे पोहोचल्या. तुर्की सैन्याच्या एका अवाढव्य बराकीचे तेथे इस्पितळ केले होते. खाली तुंबलेली गटारे, वर जमिनीवर टाकलेली माणसे. कपडे नाहीत, भांडी नाहीत, धुण्याला पाणी नाही.

शस्त्रक्रिया त्याच दालनात, इतर जखमींच्या देखत चालत. ज्याचा पाय उद्या कापायचा आहे, त्याला आज शेजारच्याचे मरण पाहावे लागे. बाईंनी पहिल्या काही दिवसांतच पडदे मागविले. गोष्ट लहानशी आहे. पण रोग्याला काय वाटते यालाही इस्पितळात जागा असली पाहिजे, हे तिच्यात आले. त्याच युद्धात सैन्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉन हॉल यांनी गंभीर जखमींना क्लोरोफॉर्म देण्याबाबत डॉक्टरांना सावध केले होते. सुरीची वेदना माणसाला जागे ठेवते आणि म्हणून ती त्याच्या हिताचीच, असा त्यांचा विचार. अनेक शल्यवैद्यांनी तो मानला नाही. परंतु वेदना सोसणाऱ्यालाच विचारले पाहिजे, हे त्या काळी मोठ्या अधिकाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते, हे यावरून दिसते.

बाईंना सर्वांत अधिक धक्का बसला तो कागदपत्रे पाहून. मृत्यूंच्या नोंदी वेगवेगळे अधिकारी वेगवेगळ्या वह्यांत ठेवीत आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नसे. माणसे पुरली जात, पण सगळी लिहिली जात नसत. फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळात आलेल्या शंभरांमागे सुमारे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारे उपसली, पाणी शुद्ध केले, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरी दोनच्या आसपास आले.

आपण पाठ्यपुस्तकात वाचतो की बाई गेल्या आणि मृत्यू कमी झाले. खरी हकीकत अधिक कठीण आहे. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच होते. शुश्रूषा होती, मायाही होती, दिवाही होता. पण खाली गटार होते. १८५६ साली परत आल्यावर विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञांच्या मदतीने त्या हिशेब करीत बसल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी, आपल्याच इस्पितळांत मेले होते. सारे राष्ट्र त्यांना देवी म्हणून पुजत होते. दुसरी एखादी असती तर तेवढ्यावर थांबली असती. बाईंनी ते आकडे झाकले नाहीत. १८५८ साली त्यांनी ते गोल चकतीच्या पाकळ्यांसारख्या आकृत्यांत मांडले, म्हणजे ज्या मंत्र्याला तक्ते वाचण्याचा कंटाळा आहे त्यालाही ते एका नजरेत दिसावेत. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री.

यानंतर त्यांनी आपली नजर शांततेच्या काळातील इस्पितळांकडे वळविली. लंडनची प्रत्येक मोठी संस्था आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवी. एकीकडे ज्याला बरा झाला म्हणत, त्याला दुसरीकडे आराम पडला म्हणत. मग कोणते इस्पितळ चांगले हे ठरवायचे कसे? १८६० साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे बाईंनी सर्व इस्पितळांसाठी एकसारख्या नोंदींची योजना ठेवली. इस्पितळांविषयीच्या त्यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती १८६३ साली निघाली. तीत शस्त्रक्रियांसाठी वेगळे तक्ते सुचविलेले आहेत. रोग्याचे वय, स्त्री की पुरुष, अपघात की रोग, कोणती शस्त्रक्रिया, नंतर कोणते उपद्रव झाले आणि अखेर काय झाले, असे रकाने त्यांत होते. एवढे भरले तर कोणत्या वयाच्या माणसाला कोणत्या शस्त्रक्रियेचा कितपत उपयोग होतो, हे अंदाजाने सांगण्याची गरज उरणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

त्याच पुस्तकात आणखी एक बारीकशी नोंद आहे. गावाकडच्या काही लहान इस्पितळांत शस्त्रक्रियेच्या दालनाला लागून एक छोटी खोली असते आणि शस्त्रक्रियेचा पहिला परिणाम ओसरेपर्यंत रोग्याला तेथे ठेवतात, असे त्या सांगतात. आज भूल उतरेपर्यंत रोग्याला ज्या निरीक्षण कक्षात ठेवतात, त्याचा इतिहास लिहिणारे या ओळींपासून सुरुवात करतात. मोठ्या शहराने खेड्याकडून काही घ्यावे असे उदाहरण विरळाच. म्हणून ते वाचताना मला आनंद वाटला.

बाईंचे आकडे नेहमी बिनचूक असत असे मात्र नाही. त्याच आवृत्तीत लंडनच्या २४ इस्पितळांतील मृत्यूचे प्रमाण शंभरी नव्वदच्या वर दाखविले आहे. ते वाचून डॉक्टरमंडळी खवळली, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. १८६१ या वर्षभरातील मृत्यूंना एका ठराविक दिवशी इस्पितळात असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले होते. एका खाटेवर वर्षभरात दहा रोगी येऊन गेले असतील, तर मृत्यू दहांचे मोजायचे आणि माणूस एकच धरायचा, हा हिशेब कसा जुळणार? अंशस्थानी कोण आणि छेदस्थानी कोण, हे न विचारता कोणताही टक्का मानू नये, हा धडा मी यातून घेतला. वर्तमानपत्रातील आकडे वाचतानाही तो उपयोगी पडतो.

बाईंनी सुचविलेले तक्ते काही इस्पितळांनी काही काळ वापरले. नंतर खर्च आणि कटकट म्हणून ते मागे पडले. परंतु त्यांची स्वतःची सवय सुटली नाही. सुइणींना शिकविण्यासाठी त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात एक बाळंतिणींचे दालन चालविले जात होते. तेथे सूतिकाज्वराने बाया दगावू लागल्या, तेव्हा १८६७ साली ते बंद करण्यात आले. बाईंनी मग ठिकठिकाणचे आकडे जमविले आणि १८७१ साली पुस्तक लिहून सांगितले की त्या काळच्या प्रसूतिगृहांपेक्षा घरी होणारी बाळंतपणे अधिक सुखरूप पार पडतात. जे आपण उभारले, त्याच्याच विरुद्ध जाणारा पुरावा स्वतः गोळा करून छापायचा, याला निराळे धैर्य लागते. मला त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग स्कुतारीच्या रात्रींपेक्षा मोठा वाटतो.

आता त्यांच्या सर्वांत लोकप्रिय पुस्तकाकडे वळते. शुश्रूषेविषयीचे हे छोटे पुस्तक १८५९ सालचे. घरोघरच्या स्त्रियांसाठी लिहिलेले. त्यातील रोग्याच्या निरीक्षणाचे प्रकरण मी दोनदा वाचले. रोग्याला प्रश्न कसा विचारावा, हे त्यात सांगितले आहे. रात्र चांगली गेली ना, असे विचारले की रोगी हो म्हणतो आणि आपण समाधानाने उठून जातो. एखाद्याला दहा तासांची झोप मिळाली नाही म्हणजे रात्र वाईट वाटते, तर दुसरा चार डुलक्या मिळाल्या तरी चांगली म्हणतो. म्हणून बाई सांगतात की किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, असे विचारावे. ज्या प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच बसलेले असते, तो प्रश्न नसतो. आज ज्याला रुग्णांचे समाधान मोजणे म्हणतात, त्याचा सारा कठीणपणा एवढ्या एका गोष्टीत आला आहे.

हे मला पटकन का पटले ते सांगते. मी चौथीत असताना माझ्या मायचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन एका शिबिरात झाले. हिवाळ्याचे दिवस होते. बाया एकामागून एक पायांनी चालत आत जात आणि बाहेर आणल्या की सतरंजीवर ओळीने निजविल्या जात. सायंकाळी जीप गावात आली. बाबाला कागद मिळाला. तो आजीने पेटीत ठेवला. आठव्या दिवशी टाके काढायला सिस्टर आल्या. त्यांनी ताप आहे का, पू आहे का, असे विचारले. दोन्ही नव्हते. त्यांनी तसे लिहून घेतले आणि त्यांचे काही चुकले नाही. परंतु माय रात्री बसून झोपत होती. महिनाभर पाण्याचा गुंड मी आणि आजीने वाहिला. मार्चमध्ये मोह पडू लागला तेव्हाही तिला वाकता येत नव्हते, आणि मोहफुले उभ्याने वेचता येत नाहीत. त्या वर्षी आमच्या झाडांचा अर्धा मोह ढोरांनी खाल्ला. कागदावर ऑपरेशन यशस्वी झाल्याचे लिहिलेले आहे आणि ते खोटे नाही. मोहाचा रकाना मात्र त्या कागदावर नव्हता.

समजा, त्या वेळी कोणी येऊन मायला विचारले असते की तुम्ही समाधानी आहात का, तर ती काय म्हणाली असती? ती हो म्हणाली असती, हे मी खात्रीने सांगते. दारात आलेल्या सरकारी माणसाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. उद्या पोराला घेऊन त्याच दवाखान्यात जायचे असते. शिवाय विचारणारा मराठीत विचारतो आणि उत्तर देणारी गोंडी किंवा माडिया बोलणारी असते. तिला मराठीत सोपे पडते ते हो. गरिबाचे समाधान मोजणे म्हणूनच फार सोपे आहे आणि म्हणूनच ते फारसे विश्वासाचे नाही. पण तिला विचारा की पहिला गुंड कोणत्या दिवशी उचलला, तर ती अचूक सांगेल. असे प्रश्न न विचारल्याचे परिणाम कधी कधी मोह वाया जाण्यावर थांबत नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात, काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यांतील १३ जणी दगावल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ च्या निकालात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. शिबिराच्या सायंकाळी मात्र आकडा ८३ असाच लिहिला गेला असेल, आणि तो मोठा म्हणून कौतुकाचाही ठरला असेल.

नाइटिंगेलबाईंचा हिंदुस्थानशी संबंध बराच जवळचा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. क्रिमियात जडलेल्या दुखण्याने त्या पुढे कित्येक वर्षे बहुतेक अंथरुणालाच खिळून होत्या. त्याच अंथरुणावरून त्यांनी येथील लष्करी छावण्यांकडून माहिती मागविली. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या राजकीय आयोगाच्या अहवालामागे त्यांचे मोठे कष्ट आहेत. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत, असे त्यात दिसून आले. आरंभी त्यांचे लक्ष सैनिकांवरच होते. पुढे ते दुष्काळ, कालवे, सावकारी आणि रयतेचे आरोग्य यांकडे वळले. खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. हिंदुस्थानात येण्याची त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रोगजंतूंचा सिद्धांत त्यांनी बराच काळ मानला नाही. दुर्गंधी आणि घाण हेच रोगाचे मूळ अशी त्यांची समजूत होती. इंग्रजी राज्य वाईट रीतीने चालते असे त्या बोलत, परंतु ते असूच नये असे त्यांनी म्हटले नाही. तरीही एक गोष्ट उरते. कारण चुकीचे धरूनसुद्धा त्यांचा मोजण्याचा आग्रह बरोबर निघाला, कारण मोजणी त्यांच्या मताच्याही वर होती.

त्यांच्यानंतर हे काम पुष्कळ पुढे गेले. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या अमेरिकेतील भूलतज्ज्ञ स्त्रीने नवजात बाळाची स्थिती पाच लक्षणांवरून गुण देऊन ठरविण्याची पद्धत १९५३ साली प्रसिद्ध केली. १९७० साली आल्द्रेते यांनी त्याच धर्तीवर भुलेतून बाहेर येणाऱ्या रोग्यासाठी हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि रंग अशा पाच गोष्टींना दहांपैकी गुण देण्याची रीत घातली. परंतु हे गुण देणारा रोगी स्वतः नव्हता. पुढे रोग्यानेच गुण द्यावेत अशा प्रश्नावल्या आल्या. २०१३ साली तयार झालेल्या एका प्रश्नावलीत १५ प्रश्न आहेत, प्रत्येकाला दहा गुण. श्वास मोकळा आहे का, जेवण गोड लागते का, झोप लागली का, स्वतःची स्वच्छता स्वतः करता येते का, घरच्या माणसांशी बोलता येते का, नेहमीचे काम करता येते का, मळमळते का, किती दुखते, काळजी किंवा उदासपणा वाटतो का, असे साधे प्रश्न. ही यादी वाचताना मला शुश्रूषेच्या त्या जुन्या पुस्तकाची आठवण झाली.

आपल्या भागातही या विचाराचे एक उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ साली लंडनच्या लॅन्सेट या साप्ताहिकात छापून आला. त्या बायांचे दुखणे आधीही होतेच. दवाखान्यात येईल तोच रोगी, हा समज सोडून कोणीतरी गावात जाऊन विचारले, तेव्हा ते जगाला दिसले. बाईंच्या तक्त्यांपासून गडचिरोलीच्या या कामापर्यंत वाट सरळ नसेल, पण दिशा एकच आहे.

१९०७ साली नाइटिंगेलबाईंना ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांशेजारी त्यांना पुरण्याची तयारी सरकारने दाखविली. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी त्यांना खेड्यातील चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ ठेवले. दगडावर त्यांचे पूर्ण नावही नाही. आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या गावात असते. आपण तेथे रस्ता झाडतो, शोषखड्डे खणतो, रात्री पथनाट्य करतो. यंदा त्यात एका वहीची भर घालावी असे मला सुचवावेसे वाटते. गेल्या वर्षभरात ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्या घरी दोघीदोघींनी जावे, एकीला त्या घरची बोली येत असावी. पहिल्या रात्री किती तास झोप लागली? कोणत्या दिवशी आधाराशिवाय उठलात? पहिले पाणी कधी भरले? रोवणीला, तेंदूपत्त्याला, मोहाला गेलात का? यातून विज्ञानाचा मोठा शोध लागणार नाही. जमलेली वही तालुक्याच्या डॉक्टरांना नेऊन द्यावी. त्यांनाही असे कोणी आणून दिलेले नसते. आपल्यापैकी ज्यांना नावांशेजारी रेघा आखता येतात आणि ऐकून लिहिता येते, त्यांना हे काम जमण्यासारखे आहे. वहीचे पहिले पान मी आखून ठेवले आहे. शेवटचा रकाना मुद्दाम रुंद ठेवला आहे, कारण बरे वाटायला किती दिवस लागले याचे उत्तर आमच्या भागातील बाया तारखेने देत नाहीत, त्या हंगामाने देतात.